जात्यावरच्या ओव्या छापताना बोली आणि ओळी कशा ठेवाव्यात?

मृण्मयी: नमस्कार. आजीने सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्यांची घरगुती पुस्तिका करीत आहे. तिची एक ओवी अशी:

पहाटंच्या पारी बाई दळिते मी पायली
म्हायेराच्या वाटंवरी नजर गं ऱ्हायली

पहिल्या कच्च्या प्रतीत मी हिचे ‘पहाटे मी पायलीभर दळते, पण माझी नजर माहेराच्या वाटेवर राहिली आहे’ असे शुद्ध रूप केले आणि सगळ्या ओव्या परिच्छेदासारख्या सलग टाइप केल्या. वाचून पाहिले तेव्हा आजी त्यात कुठेच सापडेना. बोली तशीच ठेवावी का, आणि ओळ कुठे तोडावी?

अक्षरवेध: ताई, बोलीला हात लावू नका. ‘पायली–ऱ्हायली’ हे यमक आणि दोन्ही ओळींतली आठ-सात अक्षरांची चाल हीच या ओवीची वीण आहे. तुमच्या शुद्ध रूपात अर्थ तेवढा उरला, जात्याची फेरी थांबली. ओळ यमकावरच तोडावी. ‘बाई’, ‘गं’ ही भरीची अक्षरे वाटतात, पण ती काढली तर चाल लंगडी पडते.

पोथीवाचक: सलग मांडणी मुळात चुकीची नाही, एवढे मात्र नोंदवतो. जुन्या हस्तलिखित पोथ्यांत ओव्या सलगच लिहिलेल्या असतात. दंड (उभी रेघ) आणि ओवीचा क्रमांक एवढ्याच खुणा. ज्ञानेश्वरीची साडेतीन चरणांची ओवीसुद्धा तशीच लिहिली जाई, कारण पोथी मोठ्याने वाचली जात असे आणि चरण कुठे संपला हे कानाला कळत असे. आपली पुस्तिका मनातल्या मनात वाचली जाणार असल्यामुळे कानाचे हे काम कागदावरच्या मोकळ्या जागेला करावे लागेल.

जुळारी: छपाईपूर्वी ‘ऱ्हायली’ नीट तपासा. साधा र टाइप केला तर ‘र्हायली’ असा रफार ह च्या डोक्यावर चढतो आणि वाचणारा तिथेच अडखळतो. मराठीत वेलांटी, मात्रा, अनुस्वार वर आणि उकार खाली येत असल्याने १२ पॉइंटच्या अक्षराला निदान १८ पॉइंटचे ओळअंतर द्या. शिवाय मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडा. ज्या फाँटमध्ये सोय असते तिथे त्यामुळे मराठी वळणाची अक्षरे, म्हणजे पाकळीचा ल आणि देठाचा श, मिळतात. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात हीच वळणे दिली आहेत.

मृण्मयी: सर्वांचे मनापासून आभार. एका पानावर तीनच ओव्या, मूळ बोलीत आणि दोन-दोन ओळींत मांडून आजीला वाचायला दिल्या. तिने वाचायला सुरुवात केली, पण दुसऱ्या ओवीपासून ती गाऊच लागली.