सोळाव्या वर्षी दिवस गेलेल्या मुलीची कादंबरी अकरावीच्या मुलींना द्यावी का?

मृणाल, धंतोली
आमच्या वाचनगटात अकरावीच्या मुली एक परदेशी कादंबरी वाचताहेत. नायिका सोळाची, दर रविवारी चर्चमध्ये गाणारी. दिवस गेल्याचं कळतं आणि तिची प्रार्थनाच बंद पडते. गाण्याच्या रांगेत ती उभी आहे, ओठ हलताहेत, आवाज फुटत नाही. हे वाचताना एक मुलगी म्हणाली, "काकू, आमच्याकडे नुसती पाळी आली तरी देवघरात जाऊ देत नाहीत. हिला कोण जवळ करणार?" दुसऱ्या दिवशी एका आईने पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून परत पाठवलं. मी मात्र ते द्यावंच या मताची आहे.

सुनंदा, महाल
मीही परत पाठवलं असतं. विषयाला माझी ना नाही, शेवटाला आहे. पास्टर डोक्यावर हात ठेवतात, मुलगा फुलं घेऊन येतो, सगळं मार्गी लागतं. आपल्याकडे 2012 च्या पोक्सो कायद्यात अठराच्या आतल्या मुलीची संमती धरतच नाहीत. त्या मुलावर गुन्हा दाखल होतो. हे न सांगता श्रद्धेने सारं निभतं असं मुलींच्या मनात भरवणं मला पटत नाही.

निवृत्त परिचारिका, सक्करदरा
सुनंदाताई, गुन्ह्याचं खरं आहे. पण त्याच धाकाने पोरी उशिरा येतात ना! एक आठवते, सैल कुर्ता, "गॅस झाला" म्हणत आलेली. पाचवा महिना सरला होता. आईने कपाळाला अंगारा लावून आणलं होतं आणि सतत तिची ओढणी पोटावर सारखी करत होती. त्या माउलीची श्रद्धा खोटी नव्हती, तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं. गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलीला 24 आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो, पालकाची लेखी संमती लागते. डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं, पण मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर तिचं नाव द्यावं लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं. हे किती घरांत माहीत आहे?

सुनंदा, महाल
मग हेच सांगा ना, मी सतरंज्या घालायला येते! त्याला कादंबरी कशाला?

मृणाल, धंतोली
कारण कायदा सांगताना त्या मुलीने तोंड उघडलं नसतं, ताई. ती त्या गाण्याच्या रांगेपाशी बोलली. शेवटाबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे, तो फार सोपा करून टाकलाय. आमची शेवटची दोन प्रकरणं अजून व्हायची आहेत. शनिवारी पाचला या, हे मुलींसमोरच बोला. परिचारिकाताई, तुम्हीही या.