मदत हवी आहे: अँजिओग्राफी नॉर्मल, तरी आईच्या छातीत दुखतंय

आईला जिना चढताना छातीत दाबल्यासारखं होतं, कधीकधी पहाटे झोपेतही, पण अँजिओग्राफीत ब्लॉकेज नाही म्हणून डॉक्टर म्हणाले अ‍ॅसिडिटी नाहीतर टेन्शन, मला ते अजिबात पटत नाहीये. अँजिओग्राफीत मोठ्या रक्तवाहिन्याच दिसतात ना, मग बारीक वाहिन्या नीट रुंदावत नसतील किंवा मोठीलाच मधेच स्पॅझम येत असेल (म्हणजे ती अचानक आवळत असेल) तर रिपोर्ट नॉर्मल असूनही खरा अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून होणारं छातीचं दुखणं) असू शकतो, आणि बायकांमध्ये हे जास्त आढळतं म्हणे. पहाटेचं दुखणं स्पॅझमचं असेल का? कॅथेटरने (रक्तवाहिनीतून घातलेल्या बारीक नळीने) सीएफआर (गरजेला हृदयाचा रक्तप्रवाह किती पट वाढतो ते), आयएमआर (बारीक वाहिन्यांमधला अडथळा) मोजतात आणि अ‍ॅसिटिलकोलिन हे औषध देऊन स्पॅझम बघतात, ती टेस्ट कुणाच्या घरी केलीये का? की आधी स्ट्रेस एमआरआय किंवा पेट स्कॅन (हृदयाचा रक्तपुरवठा दाखवणारे स्कॅन) करावा? प्लीज सांगा, दुसऱ्या कार्डिओलॉजिस्टना नेमकं काय विचारू?