मास्तरच्या खोलीतली हवाईन गिटारवाल्यांची भिंत कशी वाचवाची?

पांदण_रस्ता:
नमस्कार राजेहो. सल्ला पाह्यजे अन् जरा लवकर पाह्यजे, कारन मिरगाले महिनाभरच राह्यला.

आमचं गाव आर्वी तालुक्यात. आमच्या इथं एक मास्तर होते, जिनिंगमधी फिटर होते अन् संध्याकाळी पोट्ट्यायले हवाईन गिटार शिकवत. थेच थे, मांडीवर आडवी ठेवून डाव्या हातातला लोखंडी रॉड तारेवरून सरकवत वाजवतेत ते. मास्तर जाऊन सहा वर्षं झाली. त्यायच्या घरच्या समोरच्या खोलीत भिंतभर फोटो आहेत, म्या मोजले, ४३ निंघाले. वर पेंटरच्या हातानं लिहिलेली पाटी, 'आमचे गिटारवाले'. वरच्या ओळीत मोठी मानसं, ब्रिजभूषण काबरा, व्हॅन शिपले, सुनील गांगुली, अन् कुठल्यातरी मासिकातून कापलेला हवाईचा जोसेफ केकुकू, हे असं वाजवनं ज्यानं सुरू केलं म्हनतेत थो. खालच्या तीन ओळी आपल्याच लोकायच्या. पुलगाव, धामणगाव, मोर्शी, वरूड इकडचे, मेळ्यात, ऑर्केस्ट्रात, लग्नात वाजवनारे. मास्तरचा नियम कडक होता, दहा वर्षं वाजवली त्याचाच फोटो लागन. एक पुढारी हातात गिटार धरून काढलेला फोटो घेऊन आला होता म्हनतेत, मास्तर म्हने, आधी 'सा' दाखवा कुठं आहे थे.

आता कवेलू सरकले आहेत, दोन फ्रेमीत उधई शिरली. पोरगा पुण्याले असते, थो म्हनते दिवाळीनंतर घर काढाचं, फोटो कोनाले पाह्यजे असन तं घेऊन जा. फोटोशिवाय तीन गिटारी, एक ट्रंकभर कॅसेटा अन् पंचवीसेक जुन्या रेकॉर्डी आहेत. ठेवाचं कुठं अन् कसं? मले यातलं काईच समजत नाही, माह्यं कृषी केंद्र आहे.

संत्रानगरी:
वा भाऊ, काय गोष्ट काढली! अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या सेंट लुईसला स्टील गिटारवाल्यांचा असाच हॉल ऑफ फेम सुरू झाला, १९७८ पासून, जेरी बर्ड तिथला पहिला मानकरी, एकेकाच्या नावानं धातूची पाटी. आपल्या मास्तरनं तेच पेंटरकडून करून घेतलं ना!

माझं मत असं की नागपूरला एखाद्या हॉलमध्ये मस्त कायमचं प्रदर्शन करा. केकुकूपासून सुरुवात करा, मग हवाईन गिटारवाला टाऊ मो, जो १९४० च्या दशकात बायकापोरांसकट कलकत्त्यात राहिला आणि तिथल्या पोरांना हे वाद्य शिकवून गेला, मग काबरा, मग विश्वमोहन भट्ट १९९४ चं ग्रॅमी घेऊन. लोक येतील बघायला. नुसत्या गावातल्या वाजवणाऱ्यांसाठी कोण गाडी काढून येणार, राग मानू नका.

फीत_आणि_तबकडी:
राग नाही पण उलटं आहे. काबरांचा फोटो हजार ठिकाणी मिळेल. ते जोधपूरचे, अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य, २०१८ मध्ये गेले, हे सगळं नोंदलेलं आहे. धामणगावच्या लग्नात वाजवणाऱ्याचा फोटो मात्र जगात एकच आहे आणि तो उधईच्या तोंडात आहे. आधी खालच्या तीन ओळी वाचवा.

आता कामाचं बोलतो. भिंतीवरून काही काढायच्या आधी पूर्ण भिंतीचा मोबाईलवर फोटो घ्या, मग प्रत्येक फ्रेमचा, फ्लॅश न टाकता. कोण कोणाच्या शेजारी लावलाय हेसुद्धा मास्तरांनी ठरवलेलं असणार. मग फ्रेमची पाठ उघडून ६०० डीपीआयला (स्कॅनरमधली बारकाईची सेटिंग) स्कॅन. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, वरचा थरच निघून येतो, काचेसकट स्कॅन करा. लॅमिनेशन अजिबात करायचं नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं, बॉलपेन पुढून उमटतं.

रेकॉर्डी ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्या फिरणाऱ्या जुन्या) असतील तर त्या लाखेच्या, आपल्या पळसावर होते तीच लाख. म्हणून स्पिरिटनं पुसू नका, लाख विरघळते आणि गाणं जातं. उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका आणि एलपीच्या सुईवर वाजवू नका, ७८ ची सुई जाड असते. कॅसेटा वाजवायच्या आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, प्लेअरचं हेड साफ करा (इथे स्पिरिट चालतं), आणि थेट एमपीथ्री न करता वेव्ह फाईल (आवाज न दाबलेली) घ्या, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. दोन प्रती, दोन वेगळ्या घरी.

गिटारींच्या तारा आजच सैल करा. ४५ डिग्रीत टिनाखाली ताणलेली गिटार ठेवली की ब्रिजचा (तारा टेकतात त्या पट्टीचा) गोंद सुटतो, मग सुतार खिळा मारतो आणि संपलं.

कारकून_काका:
आधी कागद, मग स्कॅनर. मुलानं तोंडी 'घेऊन जा' म्हटलं, उद्या त्याची बहीण आली तर? दानपत्र करून घ्या, वस्तूंची यादी जोडा, दोन साक्षीदारांच्या सह्या. नवीन संस्था काढायच्या भानगडीत पडू नका. १८६० च्या कायद्याखाली सात माणसं लागतात, मग धर्मादायकडे नोंदणी, मग दरवर्षी हिशेब, आणि तिसऱ्या वर्षी सातातले चार एकमेकांशी बोलत नाहीत. गावात अनुदानित वाचनालय असेल, सगळ्यात खालच्या 'ड' वर्गातलं का असेना, तर त्यांना द्या आणि दाखल नोंदवहीत प्रत्येक फोटोला नंबर पाडून घ्या. आमच्या भागात एका संस्थेनं भजनी मंडळाच्या दोन पेट्या 'जतनासाठी' नेल्या, पावती नाही, आज विचारलं तर कोणत्या पेट्या म्हणतात.

नेटवर गाणी टाकण्याबद्दल: छापील रेकॉर्डचा हक्क ती निघाली त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. तेवढं झालेल्या टाकता येतात, पण गाण्याच्या गीतकार-संगीतकाराचा हक्क वेगळा असतो, तो त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, तोही संपलाय ना ते बघा. बाकीच्या वाचनालयात ठेवा, कोणाला ऐकायच्या तर तिथं येऊ द्या.

मांडीवरची_तार:
मी मास्तरचा विद्यार्थी, ८४-८५ ची बॅच, सध्या बडनेऱ्याले असतो. पाटी वाचली अन् कसंतरीच झालं.

तिसऱ्या ओळीत एक चष्मेवाला उभा आहे ना, गिटार पोटाशी उभी धरून? लोक म्हनतीन हा तं स्पॅनिश वाजवणारा, इथं कायले लावला. थो आमच्यातला सगळ्यात पक्का हवाईनवाला होता भाऊ! फोटोग्राफर म्हने मांडीवर घेतली तं परात घेतल्यावानी दिसते, उभं राहा. म्हनून थो फोटो तसा. हे फोटोच्या मागं कुठंच लिहिलं नसन.

अन् रॉड. विकतचा रॉड आम्हा पोट्ट्यायले परवडत नव्हता, तं मास्तर जिनिंगमधल्या भंगार शाफ्टचा बोटभर तुकडा लेथवर काढून देत, मग आम्ही आठ-आठ दिवस पॉलिश पेपर घासत बसू, वाळूचा एक कण जरी राह्यला तं तारेवर 'कर्र' वाजे अन् मास्तर हात पुढं करत, दे इकडं, अजून घास. केकुकूची गोठ थेच सांगत, हवाईतल्या लाईये गावात रेल्वेरुळाच्या कडेचा बोल्ट उचलून त्यानं तारेवर फिरवला म्हनतेत. मास्तर म्हने त्याचा बोल्ट अन् आपला शाफ्ट, भंगारातूनच आलं सारं. माह्याजवळ अजून आहे थो तुकडा, देऊन टाकतो, पन त्याचा डबा बनवा, नुसता कपाटात टाकू नका.

स्कॅनिंग मागाहून करा. त्या ४३ मधले जिवंत किती हे आधी काढा, भिंतीसमोर खुर्ची टाका, मोबाईल सुरू करा अन् बोलू द्या.

पांदण_रस्ता:
सगळ्यायचे आभार. तारा सैल केल्या, उधईवाल्या फ्रेमी माह्या दुकानात आनून ठेवल्या. पोरानं दानपत्राले हो म्हटलं, बहिनीलेही फोन लावला. वाचनालयवाले म्हनतेत भिंत देतो पन पंखा तुमी लावा.

जिवंत पाच निंघाले. त्यातले तिघं येत्या रविवारी येऊन राह्यले, बडनेऱ्याच्या भाऊंनीही याचंच आहे. एका काकाचं म्हननं असं की बोलाच्या आधी वाजवू द्या, नाही तं म्या येत नाही. आता अडचन एकच, तिन्ही गिटारीच्या तारा गंजल्या आहेत अन् आमच्या इकडं दुकानात स्पॅनिशचाच बारका सेट भेटते. हवाईनचा जाड सेट अमरावती-नागपुरात कोनाजवळ पडला असन तं शनिवारपर्यंत सांगा, एसटीत कंडक्टरजवळ देऊन द्या, मी स्टँडवर उभा राह्यतो.