मदत हवी आहे: युरिक ॲसिडवर कळलावीचा कंद, बाबांना कसं थांबवू?

नमस्कार मंडळी,

आम्ही खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला राहतो. बाबांना युरिक ॲसिडचा त्रास आहे. पायाचा अंगठा सुजला की त्यावर चादरही सोसत नाही. डॉक्टरांनी कोल्चिसिनची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी दिली होती. जुलाब होतात म्हणून बाबांनी ती परस्पर बंद केली. आता बाजारात कुणीतरी सांगितलंय, "त्या गोळीतलं औषध तुमच्या बांधावरच्या कळलावीत आहे. कंद वाळवून चिमूटभर दुधातून घ्या."

पंचाईत अशी की यातलं अर्धं खरं आहे. कळलावीत कोल्चिसिन असतंच, तमिळनाडूत तर बियांसाठी तिची शेती होते. पण गोळीत ते मोजून घातलेलं असतं, चिमटीत किती आलं हे कोण सांगणार? सगळा वेलच विषारी, त्यातही कंद आणि बिया जास्त. उकळूनही विष जात नाही. आधी उलट्या-जुलाब, मग मूत्रपिंडं आणि रक्तपेशींवर घाला. आयुर्वेदही तिला उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांत धरतो, शोधन (विष कमी करण्यासाठीची शुद्धी) केल्याशिवाय वापरत नाही. हे सगळं सांगून झालं. बाबांचं एकच, "गौरीला वाहतो ते फूल, त्यात कसलं विष?"

परवा त्यांनी कंद खणून आणलाच. नांगराच्या फाळासारखा वाकडा, मातीने माखलेला, आणि ठेवला कुठे, तर रताळ्यांच्या टोपलीला लागून! आईने घाईत सोलून भाजीत टाकला असता तर? मी तो उचलून कुलपात ठेवलाय, पण बांधावर अजून आहेत. वेल मात्र उपटायचा नाही. पानाच्या टोकाचा आकडा करून कुंपणावर चढतो, पावसात पिवळ्या-तांबड्या फुलांनी पेटतो. त्याचा काय दोष?

बाबा माझं ऐकणार नाहीत, वैद्यांचं ऐकतील. बेळगाव, खानापूर किंवा चंदगडकडे मराठीत नीट समजावणारे जाणते वैद्य कुणाला माहीत आहेत का? बेळगावच्या नेहरूनगरातल्या आयसीएमआरच्या (केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) पारंपरिक औषध संस्थेत सामान्य माणसाला असं विचारता येतं का? आणि गोळीने जुलाब होणाऱ्यांना डॉक्टरांनी पुढे काय दिलं? सोमवारी बाबांना घेऊन जाणार आहे, तेव्हा हे विचारायचंय. कुणाच्या घरी असा प्रकार झाला असेल तर कृपया सविस्तर लिहा, बाबांना वाचून दाखवेन.