केमिस्ट्री आवडते एवढ्यासाठी अकरावीला सायन्स घ्यावं का? (ठाणे)

कळवा_दहावी
यंदा दहावी झाली, एसएससी, मराठी मीडियम. सायन्स १ मधलं केमिस्ट्री मला मनापासून आवडतं, धातुविज्ञान आणि कार्बनी संयुगे तर परीक्षा झाल्यावरही वाचत बसले होते. पण डॉक्टर व्हायचं नाहीये आणि कॉम्प्युटर इंजिनीअरिंगही नको. बाबा म्हणतात मग कॉमर्स घे ना, आणि शेजारचा बारावीतला दादा म्हणतो केमिस्ट्री म्हणजे नुसता रट्टा. खरंच तसं आहे का? मॅथ्स माझं ठीकठाक आहे, ते सोडून बायो घेतलं तर चालेल का? फॉर्म भरायचाय, प्लीज लवकर सांगा.

रबाळेकर
घे बिनधास्त. मी बीएस्सी केमिस्ट्री केलं, आता टीटीसी पट्ट्यात (ठाणे-बेलापूरचा इंडस्ट्रियल एरिया) एका कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची क्वालिटी तपासायला आहे. ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंत आणि पुढे तळोज्याला केमिकल, फार्मा, पेंट असल्या कंपन्या आहेत, बाबांना सांग की हे काम घरापासून ट्रेनच्या अंतरावर आहे. सुरुवातीचा पगार फार नसतो हे पण खरं, एमएस्सी केलं तर फरक पडतो. लॅबमध्ये हात बसलेला माणूस मात्र लगेच ओळखू येतो.

नौपाडा_टीचर
बाळा, रट्टा हे अर्धवट खरं आहे. इनऑरगॅनिकमध्ये पाठांतर आहेच, पण ऑरगॅनिकमध्ये इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातो हे एकदा कळलं की निम्म्या रिअ‍ॅक्शन तूच लिहून काढशील, आणि फिजिकल केमिस्ट्री म्हणजे तर सरळ गणितं. म्हणून मॅथ्स सोडू नकोस असं माझं अगदी ठाम मत आहे. पीएच, नर्न्स्ट समीकरण, फर्स्ट ऑर्डर रिअ‍ॅक्शन, सगळीकडे लॉग (लॉगॅरिदम) येतो आणि बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. शिवाय माटुंग्याच्या आयसीटी या केमिकल टेक्नॉलॉजीच्या संस्थेत (१९३३ ची जुनी यूडीसीटी) केमिकल इंजिनीअरिंगला जायचं मनात आलं तर मॅथ्स लागतंच. बी.फार्मला मात्र फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर मॅथ्स किंवा बायो काहीही चालतं. झेपत असेल तर दोन्ही ठेव.

आणि अकरावी हलक्यात घेऊ नकोस. सीईटीत अकरावीवर साधारण २० टक्केच प्रश्न असतात म्हणून मुलं ते वर्ष सोडून देतात आणि मग बारावीत सोल्युशन्सच्या चॅप्टरला अडतात, कारण मोलच (पदार्थ किती आहे ते मोजायचं एकक) पक्का नसतो. आत्ताच करून बघ: १८ ग्रॅम पाणी म्हणजे १ मोल. मग ३६ ग्रॅम पाण्याचं पूर्ण विघटन केलं तर हायड्रोजन किती ग्रॅम मिळेल? हे सोडवताना मजा आली तर घे सायन्स. इंग्लिशचं टेन्शन नको, दिवाळीपर्यंत सवय होते, माझ्याकडे दरवर्षी मराठी मीडियमची मुलं असतात.

वाशी_बारावी
मी आत्ता बारावीत आहे, एकच सांगते, कॉलेज निवडताना लॅब बघ!! माझ्या मैत्रिणीचं इंटिग्रेटेड आहे, कॉलेज नावाला, दिवसभर क्लास, तिने वर्षभर ब्युरेट (द्रावण थेंबाथेंबाने सोडायची खुणांची नळी) हातात धरला नाही, आणि बोर्डाला ७० थिअरी तर ३० प्रॅक्टिकलचे आहेत. आमच्याकडे परमँगनेटचं टायट्रेशन (थेंबथेंब टाकून द्रावणाची तीव्रता काढणं) स्वतः करायला लावतात, त्यात वेगळा इंडिकेटर टाकावा लागत नाही, एक थेंब जास्त पडला की फिका गुलाबी रंग येतो आणि टिकतो, आणि सोल्युशन गडद असतं म्हणून रीडिंग खालच्या नाही तर वरच्या मेनिस्कसचं (नळीतल्या द्रावणाच्या वक्र पातळीचं) घ्यायचं. हे मला वाचून कधीच लक्षात राहिलं नसतं. अ‍ॅडमिशनआधी जाऊन सरळ विचार की आठवड्याला प्रॅक्टिकल किती आणि मुलं स्वतः करतात का.

कळवा_दहावी
थँक्यू सगळ्यांना!! टीचर, ३६ ग्रॅम म्हणजे २ मोल, म्हणून हायड्रोजन पण २ मोल, ४ ग्रॅम. आणि ऑक्सिजन ३२ ग्रॅम, बेरीज बरोबर ३६ येते म्हणजे बरोबर असणार. बाबांना रबाळेकर काकांचं वाचून दाखवलं, ते म्हणाले मॅथ्स ठेवणार असशील तर घे. शनिवारी ठाण्यातल्या दोन कॉलेजच्या लॅब बघायला जातोय.

नौपाडा_टीचर
अगदी बरोबर. आता पुढचा: ४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड पाण्यात विरघळवून १ लिटर द्रावण केलं, तर मोलॅरिटी (एका लिटर द्रावणात किती मोल) किती? सोडियम २३, ऑक्सिजन १६, हायड्रोजन १ धर.