मुलांना व ज्येष्ठांना घेऊन मुंबईत विनामूल्य काय पाहता येईल?

लालबागकर (धागाकर्ता):
नमस्कार. आमच्या चाळीच्या मंडळाने यंदा गणेशोत्सवाखेरीजही काही उपक्रम करायचे ठरवले असून, एखाद्या रविवारी सकाळी निघून जेवणवेळेपर्यंत परतता येईल अशा बेताने शहराचा इतिहास दाखवून आणण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सोबत साधारण पंचवीस जण असतील. त्यांत आठ ते चौदा वर्षांची मुले जास्त आणि गुडघेदुखीमुळे जिने चढणे टाळणारे चार-पाच आजी-आजोबा. मंडळाच्या शिलकीतून प्रवासखर्च कसाबसा भागेल, म्हणून प्रवेश विनामूल्यच हवा. संग्रहालय, प्रदर्शन, हेरिटेज वॉक, काहीही चालेल. कृपया सुचवावे.

फोर्टातला वाचक:
तुमच्या अटी पाहता मी ओव्हल मैदान सुचवीन. तिथे तिकीट नाही, जिना नाही आणि पाहण्यासारखे मात्र भरपूर आहे. मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि 1878 मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर या एकोणिसाव्या शतकातील गॉथिक इमारती, तर पश्चिमेला बहुतेक 1930च्या दशकातील आर्ट डेको इमारतींची रांग. युनेस्कोने 2018 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली ती या दोन्ही बाजूंना मिळून. मुलांना मधोमध उभे करून दोन्हीकडचे फरक शोधायला सांगा. एकीकडे टोकदार कमानी आणि दगडी नक्षी, दुसरीकडे गोलाई दिलेले सज्जे, खिडक्यांवरची छज्जांसारखी पुढे आलेली पट्टी आणि दर्शनी भागावर ठळक अक्षरांत कोरलेली इमारतीची नावे. असा खेळ लावला की व्याख्यान द्यावे लागत नाही. तिथून चालत काळा घोड्याला गेलात तर 1952 पासून सुरू असलेली जहांगीर आर्ट गॅलरी लागते. प्रवेश सर्वांना विनामूल्य आहे, मात्र दारे अकरा वाजता उघडतात, हे लक्षात घेऊन निघावे.

थोडे थांबणे शक्य असेल तर फेब्रुवारीच्या सुमारास याच परिसरात काळा घोडा कला महोत्सव भरतो. तो 1999 पासून होत आला असून त्यातील बहुतेक कार्यक्रम विनामूल्य असतात. परंतु हेरिटेज वॉकच्या जागा मोजक्या असतात आणि त्यांची नावनोंदणी आधी करावी लागते. रविवारी संध्याकाळची गर्दी पाहता लहान मुले आणि ज्येष्ठ यांना घेऊन तिथे जाणे मी तरी टाळीन.

ट्रामप्रेमी:
जहांगीरबद्दल माझे मत वेगळे आहे. चित्रांपुढे शांत उभे राहा असे दहा वर्षांच्या मुलांना सांगत फिरणे, यात सोबतच्या मोठ्यांचाच जीव जातो. त्यापेक्षा आणिक आगारातील बेस्टचे संग्रहालय पाहावे. तिथेही प्रवेशशुल्क नाही आणि तिथे मांडलेल्या ट्राम-बसच्या प्रतिकृती, जुनी तिकिटे, तिकीट देण्याची यंत्रे हा ऐवज मुलांना समजावून द्यावा लागत नाही. मुंबईत 9 मे 1874 रोजी पहिली ट्राम धावली ती घोड्यांनी ओढलेली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला आणि दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला जात असे. भाडे तीन आणे होते आणि सुरुवातीला तिकीट देतच नसत! पुढे 1907 मध्ये विजेची ट्राम आली, 1926 मध्ये अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस सुटली आणि 31 मार्च 1964 रोजी शेवटची ट्राम धावली. तुमच्या आजी-आजोबांपैकी कोणी ट्रामने प्रवास केला असेल, तर माहिती सांगायला बाहेरचा माणूस आणण्याची गरजच नाही. एवढी मंडळी नेणार असाल तर आगारात आधी कळवून ठेवावे.

लालबागकर:
दोघांचेही आभार. वारसा दिनाला लेण्यांना तिकीट नसते असे कळले. त्या दिवशी घारापुरीला जावे का?

फोर्टातला वाचक:
जागतिक वारसा दिन 18 एप्रिलला असतो आणि अलीकडे त्या दिवशी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीतील स्मारकांना प्रवेशशुल्क माफ करण्यात आले आहे. तरीही घारापुरी तुमच्या हिशेबात बसत नाही. पंधरा वर्षांखालील मुलांना तिथे एरवीही तिकीट पडत नाही; खर्च होतो तो गेटवेपासूनच्या लाँचचा, आणि तो वारसा दिनालाही द्यावाच लागतो. शिवाय लेण्यांपर्यंत बरीच पायऱ्यांची चढण आहे, त्यात एप्रिलचे ऊन. कान्हेरीची लेणी राष्ट्रीय उद्यानात असल्याने तिथेही उद्यानाचे प्रवेशशुल्क वेगळे असते.

भायखळ्याची रहिवासी:
विनामूल्यच हवे, हे मान्य. पण तुम्ही लालबागला राहता आणि डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून लिहिते. तिथे तिकीट आहे, पण ते किरकोळ आहे, आणि 1872 मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या त्या वास्तूत जुन्या मुंबईतील माणसांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत, त्यांच्यापुढून मुले हलत नाहीत. संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती मूळचा घारापुरीचा. 1864 मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना फुटला, आणि पुढे त्याचे तुकडे सांधून तो इथे उभा केला गेला. काळा घोडा ज्यावरून म्हणतात तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही 1965 मध्ये फोर्टातून इकडेच हलवला. फोर्टात आज दिसतो तो 2017 मध्ये बसवलेला, स्वार नसलेला घोडा. बुधवारी संग्रहालय बंद असते, रविवारी अडचण नाही.

दादरकर:
ज्येष्ठांसाठी एक भर घालतो. हिंदू कॉलनीतील राजगृह, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या ग्रंथसंग्रहाचा विचार करून बांधलेले घर. पाहण्याचा भाग तळमजल्यावर आहे. मात्र 6 डिसेंबरच्या आसपासचे दिवस टाळावेत.

लालबागकर:
सर्वांचे म्हणणे वाचून असे ठरवतो की पहिल्या रविवारी आणिक आगार करावे आणि ओव्हलची फेरी थंडीत ठेवावी. भायखळ्याच्या संग्रहालयाच्या तिकिटांसाठी मंडळातच वर्गणी काढता येईल का, ते विचारतो. ओव्हलवर मुलांना मराठीतून दाखवणारे कोणी येऊ शकेल का?

फोर्टातला वाचक:
मी येईन. साडेआठला विद्यापीठाच्या बाजूच्या फुटपाथवर भेटू. सकाळी सावली त्याच बाजूला असते. आजी-आजोबांसाठी दोन-तीन घडीच्या खुर्च्या मात्र मंडळातून आणाव्यात.