शब्दचर्चा : गेममधला ‘एपिसोड’ आणि ‘रिप्ले व्हॅल्यू’

विचारणा

ऑनलाइन शूटर गेम्सवर (इंटरनेटवरून इतरांबरोबर खेळायच्या बंदूकबाजीच्या खेळांवर) मराठीत लेख लिहिते आहे. दोन शब्दांपाशी अडले आहे : ‘एपिसोडिक कंटेंट’ आणि ‘रिप्ले व्हॅल्यू’ (तोच गेम पुन्हा पुन्हा खेळावासा वाटण्याचा गुण). सध्या ‘भागांमध्ये येणारा मजकूर’ आणि ‘पुनर्खेळमूल्य’ असं लिहून ठेवलंय, पण दोन्ही जिभेवर बसत नाहीत. खेळणारी मुलं इंग्रजी शब्दच वापरतात, हे ठाऊक आहे. लेख मात्र त्यांच्या आईवडिलांनाही कळायला हवा. जाणकारांनी कृपया सुचवावं.

प्रतिसाद

एपिसोडला ‘भाग’ हा सरळ शब्द आहे. मालिकेचा भाग, तसा गेमचा भाग. रिप्ले व्हॅल्यू देवनागरीत तसंच लिहा, लोकांना कळतं.

प्रतिसाद

‘भाग’ काही ठिकाणी चालेल, पण ऑनलाइन शूटरच्या बाबतीत वाचकाची दिशाभूल होईल. या खेळांमध्ये एपिसोड या एकाच शब्दाने आजवर तीन वेगळ्या गोष्टी दाखवल्या आहेत.

१९९३ च्या ‘डूम’मध्ये तीन एपिसोड होते आणि प्रत्येकात एक गुप्त लेव्हल धरून नऊ लेव्हल. पहिला एपिसोड फुकट मिळायचा, आवडला तर पैसे भरून उरलेले दोन घ्यायचे. तिन्ही आधीच तयार असायचे, म्हणून त्यांना ‘खंड’ म्हणणं योग्य.

मग व्हॉल्व्ह कंपनीने २००६ मध्ये ‘हाफ-लाइफ २ : एपिसोड वन’ आणि २००७ मध्ये ‘एपिसोड टू’ काढला. कथा पुढे सरकते, खेळाडू पुढच्याची वाट बघतो. हा खरा ‘भाग’. (तिसरा भाग आलाच नाही. ‘सिन एपिसोड्स’ या दुसऱ्या शूटरचे तर नऊ भाग ठरले होते आणि एकच आला.) हे सगळं एकट्याने खेळायचं.

तिसरा अर्थ तुमच्या लेखाचा. ‘व्हॅलोरंट’ हा पाच विरुद्ध पाच असा ऑनलाइन शूटर जून २०२० मध्ये आला, तेव्हापासून एपिसोड म्हणजे साधारण सहा महिन्यांचा काळ, आणि त्याच्या पोटात तीन ‘अ‍ॅक्ट’. त्यात कथा नावापुरती. नवा मॅप (खेळायची जागा) येतो, नवा एजंट (खेळाडूने निवडायचं पात्र) येतो, बंदुकांच्या ताकदीत फेरफार होतो आणि सगळ्यांची रँक पुन्हा ठरते. २०२४ च्या जूनमध्ये ‘डेस्टिनी २’ या दुसऱ्या ऑनलाइन शूटरने ‘सीझन’ हा शब्द टाकून ‘एपिसोड’ घेतला, तोही तीन-तीन अ‍ॅक्टचा. आणि २०२५ च्या जानेवारीत व्हॅलोरंटने ‘एपिसोड’ टाकून ‘सीझन’ घेतला. दोन कंपन्यांनी अवघ्या काही महिन्यांत एकमेकींचे शब्द अदलाबदल केले आणि खेळणाऱ्याला काही अडलं नाही. म्हणजे शब्द काळाचा आहे, कथेच्या तुकड्याचा नाही.

काळासाठी आपल्याकडे दोन शब्द रुळलेले आहेत. क्रीडापानावर ‘आयपीएलचा हंगाम’ असतो आणि टीव्हीवर ‘नवं पर्व’. मी ‘पर्व’ घेईन, कारण पर्व पालटलं की मागचं मागे राहतं. अ‍ॅक्टला तर शोधायचीच गरज नाही. तीन अंकी नाटकं बघत मोठ्या झालेल्या वाचकाला ‘सहाव्या पर्वाचा पहिला अंक’ हे सांगताक्षणी कळेल.

व्हॅलोरंटच्या याच सहाव्या पर्वाच्या पहिल्या अंकात, जानेवारी २०२३ मध्ये, ‘लोटस’ नावाचा मॅप आला. तो आपल्या पश्चिम घाटात बेतलेला आहे. झाडीतलं प्राचीन दगडी बांधकाम, आणि कळ दाबली की घरघर आवाज करत फिरणारी दारं. तो आवाज पलीकडच्या संघालाही ऐकू जातो. त्यामुळे काही संघ एका बाजूचं दार नुसतं फिरवून ठेवतात आणि शिरतात दुसऱ्याच बाजूने. लेखात उदाहरण द्यायचं असेल तर हे द्या.

विचारणा करणारी

‘पर्व’ आणि ‘अंक’ एकदम पटले. मग पर्वांमुळे रिप्ले व्हॅल्यू वाढते, असं लिहू का?

त्यावर

तसं लिहू नका, ताई. इथेच बहुतेक लेखांची गल्लत होते.

पर्व माणसाला परत बोलावतं. परत आल्यावर तो खेळत राहील की नाही, हे पर्वाच्या हातात नसतं. उलट, गेलेलं पर्व पुन्हा खेळताच येत नाही. मालिकेचा जुना भाग कधीही लावता येतो. ‘डेस्टिनी २’ची २०१७ ची मूळ मोहीम मात्र २०२० च्या नोव्हेंबरमध्ये गेममधून काढून टाकली; ज्यांनी पैसे देऊन घेतली होती, त्यांच्याकडूनही ती गेली. ‘फोर्टनाइट’मध्ये २०१९ च्या ऑक्टोबरात, सगळा खेळ ज्यावर चालायचा ते अख्खं बेट कृष्णविवरात गडप झालं, दोन दिवस पडद्यावर नुसतं काळं भोक दिसत होतं आणि मग नव्या बेटासह दुसरा अध्याय सुरू झाला. जुन्या बेटासाठी लोक झुरत राहिले. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ते थोड्या काळासाठी परत आणलं, तेव्हा झुंबड उडाली. ठरावीक मुदतीत खेळला नाहीस तर हुकलास, ही घाई पर्वातून येते. तिला रिप्ले व्हॅल्यू म्हणणं मला मुळीच मान्य नाही. मुलांचे पैसे आणि झोप दोन्ही याच घाईवर जातात आणि आईवडिलांच्या लेखात हे स्पष्ट यायला हवं.

खरी रिप्ले व्हॅल्यू बघायची तर ‘काउंटर-स्ट्राइक’ या जुन्या शूटरचा ‘डस्ट टू’ बघा. २००१ मधला मॅप. रंगरंगोटी बदलली, मधूनमधून स्पर्धांच्या यादीतून तो बाहेरही राहिला, पण वाटा त्याच. मधल्या वाटेवरच्या दोन दारांमध्ये एक फट आहे. एक गडी दुरून स्नायपर बंदूक त्या फटीवर रोखून थांबतो, कारण समोरच्यांना ‘बी’कडे (बॉम्ब लावायच्या दोन जागांपैकी एकीकडे) जायचं तर ती फट ओलांडावीच लागते. कधी आधी धुराचा गोळा पडतो. कधी धावणारा ऐन काठावर थांबतो. कधी तो मुद्दाम उडी मारून एक गोळी वाया घालवायला लावतो आणि त्या क्षणात मागचे दोघे निसटतात. जागा तीच, बंदूक तीच, आणि तरी पुढचा गडी काय करेल याचा भरवसा नाही. नवा मजकूर शून्य.

म्हणून इथे मोजायचं एकक भागही नाही आणि पर्वही नाही. एकक आहे ‘डाव’. हा शब्द लेखात जरूर आणा. मॅच, राउंड आणि जिंकण्याची युक्ती, तिन्ही अर्थ तो पेलतो.

प्रतिसाद

समोर माणूस नसला तर? ‘लेफ्ट फोर डेड’ आम्ही चौघे मित्र मिळून खेळायचो, शत्रू सगळे मशीनचे. तरी कंटाळा यायचा नाही.

त्यावर

चांगली आठवण करून दिलीत. २००८ च्या त्या गेममध्ये चारच मोहिमा होत्या आणि ‘नो मर्सी’चा शेवट दर वेळी हॉस्पिटलच्या गच्चीवर, हेलिकॉप्टरची वाट बघतच व्हायचा. पण आत ‘डायरेक्टर’ नावाची यंत्रणा होती. चौघे किती जेरीस आलेत, हे बघून ती झोंबींचे लोंढे कधी सोडायचे, कधी उसंत द्यायची, हे ठरवायची. कथा तीच, डाव नवा. शिवाय शेजारी मित्र होते, हे विसरू नका.

आता शब्द. ‘पुनर्खेळमूल्य’ सोडून द्या. मराठीत ‘अवीट’ आहे : ज्याचा वीट येत नाही ते.

प्रतिसाद

अवीट फक्त गोडीला लागतं हो. अवीट बंदूकबाजी कानाला खटकतं.

त्यावर

बरोबर आहे, आणि ‘अवीटपणा’ असं नाम मीही पाडणार नाही. पण प्रत्येक इंग्रजी नामाला मराठी नामच हवं, असं कुठे आहे? क्रियापदाने काम भागतं : ‘या मॅपचा वीट येत नाही’, ‘डाव दर वेळी नव्याने रंगतो’. शीर्षकात नाम लागलंच, तर ‘अवीट गोडीचा डाव’ चालेल.

विचारणा करणारी

सगळ्यांचे आभार. वाक्य आता असं केलंय : ‘नवं पर्व आलं की मुलं गेमकडे परत येतात, पण ती टिकतात, ती ज्या मॅपवर डाव दर वेळी नव्याने रंगतो, त्या मॅपवर.’

त्यावर

‘ज्या मॅपवर’ऐवजी ‘ज्या सवंगड्यांबरोबर’ करून बघा.